छपराचे पैसे सुईला गेले

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीत एका घरी बाळाचे नामकरण होते. जेवताना एका बाईने मला सगळ्यांसमोर विचारले, "ताई, तुम्ही किती उतरलात! काय करता तरी काय?" मी म्हणाले, "काही नाही, भात बंद केला आणि चालायला लागले." सगळ्या जणींनी माना डोलावल्या. शेजारची एक पोरगी म्हणाली, "बघा, मनात आणलं की होतंच."

ते ऐकून मी खाली मान घातली. मी खोटे बोलले होते. भात मी आजवर दहा वेळा बंद केला असेल आणि चालायलाही पाच-सहा वेळा लागले असेन. त्याने जे झाले नाही ते डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाने झाले. तिथे सांगायला जीभ उचलली नाही, म्हणून इथे लिहिते. मी काही लिहिणारी बाई नाही, तेव्हा चुकले-माकले पदरात घ्यावे.

मी मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात आया आहे. वय ४८, उंची ५ फूट. मागच्या वर्षी जून महिन्यात, म्हणजे २०२५ साली, माझे वजन ८८ किलो होते. उंची आणि वजनाचा हिशेब करून डॉक्टर जो आकडा काढतात, त्याला बीएमआय म्हणतात. आपल्या लोकांसाठी तो २३ च्या आत बरा, २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. माझा ३८ होता. साखर होतीच. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी रक्ताची तपासणी असते, ती ९.१ आली होती. गुडघे असे झाले होते की वॉर्डात पेशंटला उचलायचे म्हटले की मीच पलंगाचा कठडा धरून उभी राहायची.

साखरेची भीती आमच्या घराला नवी नाही. वडिलांच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली, ती चिघळली, आणि २००४ साली त्यांचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पुढे दोनच वर्षे ते जगले. रोज संध्याकाळी ते नसलेला पाय चोळायला सांगत. मी पलंगावर रिकाम्या जागी हात फिरवीत असे. ते आठवले की अजूनही पोटात खड्डा पडतो.

तरीही माझ्या जाडीचे कुणाला वाईट वाटत नसे, हे खरे. उलट नातेवाईक कौतुकाने म्हणत, "खात्यापित्या घरची बाई आहे." आमच्या आजीचा एकच फोटो घरात आहे. त्यात तिच्या गळ्याची हाडे मोजता येतात. त्या फोटोखाली मी उभी राहिले की आईला बरे वाटत असावे, असा माझा समज आहे.

आमची आई मूळची भूम तालुक्याची. १९७२ च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती. पाझर तलावाच्या कामावर ती माती वाहायची, खडी फोडायची. दगड फोडायला सगळ्यांचे हात चालत, पाण्याच्या पिंपाजवळ मात्र आमच्या माणसांनी लांब उभे राहून ओंजळ धरायची, वरून कुणी ओतेल तेवढे प्यायचे. सुकडी मिळाली की तिची आई अर्धी पदरात बांधून घरी धाकट्यांसाठी न्यायची. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीची चव ती आजही सांगते, आणि सांगताना तोंड वाकडे करते. अशा बाईच्या घरात ताटात अन्न टाकणे हा गुन्हाच. लहानपणी आम्हाला शेवटचे शीत संपेपर्यंत उठू देत नसे. पुढे माझी मुले झाली तेव्हा त्यांच्या ताटातले उरलेले मी खायची. वाया कसे घालवायचे? रात्रपाळीला वडापाव, चार वेळा साखरेचा चहा, घरी आल्यावर पुन्हा जेवण. वजन काही आकाशातून पडले नाही.

आता २००९ ची गोष्ट सांगते. धाकट्याच्या वेळी अंग सुटले ते उतरेना. तेव्हा मी स्टेशनजवळच्या एका डॉक्टरकडे गेले. त्याने ना वजन केले ना रक्तदाब पाहिला, एका कागदावर कॅप्सूलचे नाव खरडून दिले. ती सिबुट्रामिनची कॅप्सूल होती. भूक कमी झाली हे खरे, पण महिन्याभरात छातीत धडधड सुरू झाली, रात्र रात्र झोप येईना. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरने एकदा सहज रक्तदाब पाहिला, तर १६० च्या वर. तिने ती पट्टी माझ्या हातातून काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. या औषधाने हृदयविकाराच्या रोग्यांमध्ये झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असे एका मोठ्या पाहणीत दिसले, म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते बाजारातून गेले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये आपल्या सरकारनेही त्यावर बंदी घातली. हे मला फार नंतर कळले. तेव्हापासून वजनाच्या औषधाचे नाव काढले की मी कानावर हात ठेवायची.

म्हणूनच मागच्या वर्षी मधुमेहाच्या ओपीडीतल्या डॉक्टर मॅडमनी नव्या इंजेक्शनाचा विषय काढला तेव्हा मी सरळ "नको" म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. बसायला स्टूल दिला आणि कागदावर पोटाचे चित्र काढून समजावले. आपण जेवलो की आतड्यातून एक-दोन रसायने रक्तात जातात. ती स्वादुपिंडाला सांगतात, इन्शुलिन सोड. जठराला सांगतात, सावकाश रिकामे हो. आणि मेंदूला सांगतात, आता पुरे. हे इंजेक्शन त्या रसायनांची नक्कल आहे. आपले शरीर स्वतःचे रसायन काही मिनिटांत मोडून टाकते, औषध मात्र आठवडाभर टिकते. म्हणून आठवड्यातून एकदा पोटाच्या नाहीतर मांडीच्या कातडीखाली टोचायचे. माझ्यासाठी त्यांनी टिरझेपाटाइड हे औषध सुचवले. ते मार्च २०२५ मध्ये भारतात विकायला आले होते.

मग त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की मी थकले. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का? स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? पित्ताचे खडे? डोळ्यांचा पडदा तपासला का? पाळी चालू आहे का, दिवस जाण्याची शक्यता आहे का? मी साखरेसाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेत होते, तिचा डोस त्यांनी पहिल्याच दिवशी निम्मा केला, नाहीतर साखर एकदम खाली जाईल म्हणाल्या. स्टेशनजवळच्या त्या माणसाची आणि या बाईंची मनातल्या मनात तुलना होत राहिली. औषधाची चिठ्ठी दोघांनीही लिहिली, पण एकाने नुसते नाव लिहिले होते.

खरी अडचण पैशाची. रुग्णालयात हे औषध फुकट मिळत नव्हते, बाहेरून आणायचे. २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५. एक कुपी म्हणजे एक आठवडा. पहिले चार आठवडे लहान डोस, म्हणजे १४,००० रुपये. पुढच्या प्रत्येक चार आठवड्यांना १७,५००. घरी मोठी मुलगी नर्सिंगला, धाकटा बारावीला, ह्यांची वॉचमनची नोकरी. हा आकडा घरात कोणत्या तोंडाने सांगायचा?

मी सांगितलाच नाही. आमच्या खोलीच्या माळ्याचे पत्रे गळत होते. पत्र्याच्या कामासाठी म्हणून मी पतपेढीतून एक लाख रुपये कर्ज काढले. ह्यांनी जामीनदार शोधायला मदत केली. बिचाऱ्यांनी पत्र्याचा भावही विचारून ठेवला होता. आणि मी ते पैसे औषधाला लावले.

कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, म्हणून फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे एका डब्यात लपवल्या. दर रविवारी पहाटे मोरीत जाऊन टोचून घ्यायची. सिस्टरने दोनदा दाखवले होते, तिसऱ्या वेळेपासून जमले. पहिले चार आठवडे मळमळ. भाजीच्या फोडणीचा वास आला की बाहेर जाऊन उभी राहायची. डोस वाढवल्यावर दोन दिवस उलट्या झाल्या, पुढे बद्धकोष्ठता. पण एक गोष्ट अशी घडली की ती मला शब्दांत नीट सांगता येत नाही. रात्रपाळीला दोन वाजता वडापाववाल्याचा आवाज आला आणि मी उठलेच नाही. मनात आलेच नाही. बावीस वर्षे जे मला ओढून नेत होते, ते नव्हतेच. मला वाटले होते मी खादाड आहे, माझ्यात निग्रह नाही. त्या रात्री मी रिकाम्या पॅसेजमध्ये बसून विचार करीत राहिले की निग्रह असलेल्या बायकांना रोज असेच वाटत असेल का?

ऑगस्टमधल्या एका रविवारी सगळे उघडकीला आले. बाहेर मुसळधार पाऊस. माळ्यावरून पाणी गळत होते, खाली दोन बादल्या आणि एक पातेले लावलेले. आईने मुद्दाम येसराची आमटी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या, माझ्या आवडीच्या. मी अर्धी भाकरी खाल्ली आणि पुढे घास जाईना.

"का गं, आमटी बिघडली का?"

"नाही आई, छान झालीय. भूक नाही."

"भूक न्हाई म्हंजे? महिना झाला बघतीया. चिमणीसारखं टिपतीस आन् उठतीस. काय झालंय तुला?"

मी गप्प. तेवढ्यात पातेल्यात टपटप सुरू झाली. आईने वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "आन् पत्र्याचं पैकं कुठं गेलं?"

मुलगी फ्रिजकडे गेली आणि तिने तो डबा आणून मध्ये ठेवला. तिला आधीच दिसले होते. नर्सिंगला आहे, तिला काय सांगायला नको. ती एवढेच म्हणाली, "आई, मला तरी सांगायचंस." हे काही बोलले नाहीत. उठून माळ्यावर गेले आणि ताडपत्री सरकवून आले. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते.

आईला वाटले मला मोठा आजार झाला आहे. सुया, फ्रिज, न जेवणे, तिने कॅन्सरपर्यंत मजल मारली होती. खरे कळल्यावर ती रडायची थांबली आणि संतापली. "भूक मारायला पैकं दिलं तू? लाख रुपये? आम्ही भूक मारायला पाणी पीत होतो गं. पोटाला फडकं बांधत होतो. आन् तू इकत आणलीस उपाशी राह्याची दवा!"

मला उत्तर देता आले नाही. आजही त्या वाक्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. जिच्या घरात तीन पिढ्या भाकरीसाठी झिजल्या, तिने भाकरी नको वाटावी म्हणून कर्ज काढायचे, यात काहीतरी उलटे आहे हे मलाही दिसते. मी फक्त वडिलांच्या पायाचे नाव घेतले. आई उठून मोरीत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली.

असो. पैसे तर गेलेच होते, औषध सोडून ते परत येणार नव्हते. घरच्यांनी ते पुढे चालू द्यायचे ठरवले. सप्टेंबरात औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा थोडा भाव उतरला, पण थोडाच. मॅडमना डोस आणखी वाढवायचा होता. मी ५ मिलिग्रॅमवरच थांबा म्हणाले, परवडत नव्हते. डिसेंबरअखेर वजन ८० किलोवर आले आणि साखरेची तपासणी ६.९. ग्लिमेपिराइड पूर्ण बंद झाली. गुडघे दुखतात, पण आता जिना चढताना मध्ये थांबावे लागत नाही.

आणि जानेवारीत पैसे संपले.

मॅडमनी आधीच सांगितले होते की हे औषध रक्तदाबाच्या गोळीसारखे आहे, घेतो तोवर काम करते. याच जातीचे सेमाग्लुटाइड नावाचे जे औषध आहे, त्याच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातले दोन तृतीयांश वजन लोकांना परत चढले होते. मी मनाशी म्हटले, मी चढू देणार नाही, आता सवय लागली आहे. तिसऱ्या आठवड्यात भूक परत आली. आली म्हणजे कशी? जेवून उठले की पुन्हा भाकरीच्या टोपल्याकडे नजर जाई. ड्युटीवर पेशंटच्या ताटाकडे नजर जाई, लाज वाटे. एका रात्री मी चार भाकरी खाल्ल्या. आई आधी खूश झाली, पाचवी वाढायला आली. मी "नको" म्हणत होते आणि हात पुढे करीत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागले तसे तिने भाकरी परत टोपल्यात ठेवली आणि माझ्याजवळ बसली.

"पोट भरलंय ना?" तिने विचारले.

"भरलंय."

"तरी मागतंय?"

"हो."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमची भूक पोटात हुती. भाकर पडली की निजायची. तुझी डोक्यात जाऊन बसलीया." मॅडमनी चित्र काढून जे सांगितले होते ते आईने चित्राशिवाय सांगितले. जिने खरी भूक पाहिली तिलाच खोटी ओळखता आली, असे मला त्या रात्री वाटले. त्यानंतर तिने सुईबद्दल वावगा शब्द काढला नाही.

दहा आठवड्यांत तीन किलो परत चढले. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचे आपल्या देशातले पेटंट संपले आणि देशी कंपन्यांची इंजेक्शने बाजारात आली, भाव उतरले. एप्रिलमध्ये मॅडमनी मला त्यातले लावले, पुन्हा लहान डोसपासून. आता ते पगारात बसते. ओढाताण होते, पण बसते. पतपेढीचा हप्ता अजून चालू आहे. पत्रे बदललेले नाहीत. यंदाही ताडपत्रीच आहे आणि ह्यांनी तिच्यावर विटा रचून ठेवल्या आहेत.

भाव उतरल्यापासून एक नवेच सुरू झाले आहे, ते सांगायलाच हवे. परवा शेजारच्या वहिनी आल्या. म्हणाल्या, "ताई, पुतणीचं लग्न आहे दोन महिन्यांनी. जरा बारीक व्हायचंय तिला. तुमच्यातल्या दोन-तीन सुया द्या ना, पैसे देते." मी पुतणीला ओळखते. चांगली ठणठणीत मुलगी आहे, वजन असेल ६० च्या आसपास. वजन उतरवायला हे औषध बीएमआय ३० च्या पुढे असेल, किंवा २७ च्या पुढे असून सोबत साखर, रक्तदाब असे काही असेल तरच लिहून देतात. शिवाय मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावे लागते, आणि इथे तर लग्नच ठरलेले! मी हे सगळे सांगितले. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही घेता ते चालतं होय?" आणि रागावून गेल्या. त्यांना वाटले मी हिशेब करते आहे. मी २००९ ची ती धडधड त्यांना सांगायला हवी होती. घाईत सुचले नाही. संध्याकाळी पुतणीलाच गाठून सांगितले, ती हसली, पण ऐकून घेतले.

मॅडमची एक तक्रार माझ्याबद्दल कायम आहे. या औषधाने भूक जाते तेव्हा माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढतो आणि चरबीबरोबर अंगातली ताकदही उतरते. मग पेशंट कसा उचलणार? म्हणून थोडे खायचे, पण डाळ, अंडी, मासे, दही, चणे आधी खायचे आणि भाकरी-भात मागून. खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठायचे-बसायचे. उठबस मी वॉर्डात करते, सिस्टर मोजते. खाण्याचे मात्र विसरते, कारण आता खरेच आठवत नाही.

हे मी घरी बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने तिच्या पेन्शनीतले तीनशे रुपये धाकट्याच्या हातावर ठेवले आणि अंड्यांचे दोन ट्रे मागवले. आता ती रोज सकाळी दोन अंडी उकडते, सोलते, मीठ लावते आणि बशी घेऊन माझ्यासमोर उभी राहते. दुसरे अंडे मला जड जाते. मी म्हणते, "आई, एकच पुरे." ती म्हणते, "डाक्टरीणबाईनं दोन सांगितलीत." मॅडमनी आकडा सांगितलेला नाही, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. मी ड्युटीची बॅग खांद्याला लावते तरी ती दारातून हलत नाही, बशी रिकामी होईपर्यंत.